टर्नरबाई

गल्लीत तिला सगळे टर्नरबाई म्हणत. आयटीआयला टर्नरच्या, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायला शिकवणाऱ्या वर्गात मुलगी ती एकटीच. परीक्षेत ती पहिली आली तेव्हा त्या नावात कौतुक होतं. पुढे तीन वर्षं काम मिळालं नाही, तसं तेच नाव टोचायला लागलं. एका कारखान्यात म्हणाले, अनुभव घेऊन या. दुसऱ्यात म्हणाले, लेथवर मुलगी उभी करायची म्हणजे नसती जोखीम. हळूहळू ती मैत्रिणींचे फोन घेईनाशी झाली. 'सध्या काय करतेस?' या एका प्रश्नाला तोंड देणं तिच्या जिवावर येई.

आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आत्या आली तेव्हा ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. आवाज खाली आणून आत्या आईला म्हणाली, "तिला आणू नका असं नाही म्हणत मी, वहिनी. पण मुलाकडची माणसं खोदून खोदून विचारतात. तिलाच अवघडल्यासारखं होईल."

आई काहीच बोलली नाही. आत ऐकणाऱ्या मुलीला आत्याच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

लग्नाच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ती मागे राहिली. कुणी आग्रह केला नाही. रिकामं घर खायला उठलं तशी ती बाहेर पडली, वाट फुटेल तिकडे चालत राहिली. एका पत्र्याच्या शेडमधून लेथची खरखर ऐकू आली आणि तिचे पाय थबकले. एक म्हातारे मिस्त्री मशीनवर वाकले होते.

"काका," ती दारातूनच म्हणाली, "कापायचं टूल जरा खाली बसलंय."

त्यांनी मशीन बंद केलं. चष्मा पुसून टूलकडे निरखून पाहिलं. "मला आता नीट दिसत नाही," ते म्हणाले. "तूच लाव."

टूल नेमक्या उंचीवर यावं म्हणून तिनं त्याखाली पातळ पट्टी सरकवली. मशीन सुरू झालं आणि लोखंडाची सलग, चकचकीत साल सुटू लागली.

संध्याकाळी आईनं तिचे काळे झालेले हात पाहिले. तिनं सगळं सांगितलं, आत्याचं बोलणं आतून ऐकलं होतं तेही. आई खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली, "हवं होतं."

कायमची नोकरी तिला अजून मिळालेली नाही. आठवड्यातले तीन दिवस ती मिस्त्रींकडे जाते. अचूक मापाचं काही काम असलं की ते गिऱ्हाइकाला तिच्याकडेच धाडतात. आत्याकडे मात्र ती अजून गेलेली नाही.