लढाई संपल्यावरचा फोन

माझा दादा फौजेत जाण्याआधी दोन वर्षं खडीच्या खाणीत होता. दगडाला भोकं पाडायची, त्यात सुरुंग भरायचा, वात पेटवून आडोशाला पळायचं आणि धमाके मोजायचे, हे त्याचं काम. ते त्याला आमच्या वडलांनी, आबांनीच शिकवलं होतं. धुळीनं आबांची छाती भरली, चार पावलांत धाप लागायला लागली, तेव्हा दादा त्यांच्या जागी उभा राहिला.

एकदा मी त्याचं जेवण घेऊन गेले होते. सहा वाती पेटवल्या होत्या आणि धमाके पाचच झाले. मुकादम ओरडला, "जा, बघून ये काय झालंय ते."

"न्हाय. आत्ता कोणबी पुढं जायाचं न्हाय," दादा म्हणाला.

"माणसं बसवून ठेवतोस व्हय रं?"

दादा वाटेतच आडवा बसला. मुकादम त्याला ओलांडून जायला निघाला, तर दादानं त्याचा हात धरून खाली खेचलं. शिव्या खाल्ल्या, पण सोडला नाही. बऱ्याच वेळानं सहावा सुरुंग उडाला. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला होता. दादानं माझ्या हातातला डबा घेतला.

पुढच्या भरतीत तो धावला आणि निवडला गेला. आईला केवढा आनंद! "खाण सुटली, तेवढं बास," म्हणाली. ट्रेनिंग संपवून आला तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. "आईला सांगू नगं, शपथ हाय तुला. तिथंबी सुरुंगच हायत. हितं भरत होतो, तिथं काढायचं."

मी तेव्हा शहरात, राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात कामाला होते. गावात आमच्याकडं फोन नव्हता, म्हणून दादानं पलटणीत दवाखान्याचाच नंबर दिला होता. उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या. फोन वाजला की माझ्या हातातली पट्टी तशीच राहायची. डॉक्टरबाई रिसीव्हर उचलून आधी माझ्याकडं बघायच्या आणि 'तुझा नाही' अशी मान हलवायच्या. असे कितीतरी आठवडे गेले.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज लांबून, तुटत तुटत.

"संपलं बघ. जिकलो आम्ही."

"कधी येतोस?"

"वाटांवर सुरुंग पेरून ठेवल्यात त्यांनी. तेवढं काढलं की सुट्टी."

मी आईला लढाई संपल्याचं सांगितलं, सुरुंगांचं नाही. तिनं गल्लीभर साखर वाटली. विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली.

बाराव्या दिवशी पुन्हा फोन वाजला. डॉक्टरबाईंनी या वेळी मान हलवली नाही, रिसीव्हर माझ्याकडं धरला. अनोळखी आवाज हिंदीत आबांचं नाव विचारत होता. मी म्हटलं, मुलगी बोलतेय. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं.

गावाकडच्या एसटीत शेजारची बाई विचारत होती, "कुठं उतरायचं पोरी?" मला गावाचं नाव आठवेना.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. अवेळी मला बघून उठली. मी सांगितलं. ती रडली नाही. "लढाई संपली म्हणालीस की तू," एवढंच म्हणाली आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

पेटी आली, सलामी झाली. महिनाभर आई माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी चुलीपुढं बसवून म्हणाली, "आता समदं सांग." मी सांगितलं. सुरुंग काढायचं काम, तसाच एक काढताना तो गेला ते, त्यानं घातलेली शपथ, शेवटचा फोन, सगळं. ती लाकडं मागं-पुढं करत ऐकत राहिली.

"आबांला ह्यातलं काय कळू द्यायचं न्हाय," ती म्हणाली. "ती विद्या त्यांनीच दिलीय त्याला. जगायचं न्हाईत ते."

त्यानंतर आबा तीनएक वर्षं जगले. कुणी विचारलं की धाप आवरत सांगायचे, "पोरगं छातीवर गोळी घेऊन पडलं." आम्ही दोघी हातातलं काम न थांबवता व्हय म्हणायचो.