वाळू चाळणाऱ्या मॅडम

गेल्या गुरुवारी सकाळी पूजा आटोपून मी नेहमीपेक्षा तासभर आधीच भोसरीच्या वर्कशॉपला गेलो. शटर अर्धंच वर केलं आणि एका चाळणीच्या तारा मोजत बसलो... मीच बनवलेल्या चाळणीच्या.

मोजायला बसलो ते संशयाने. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला हा संशय चाळणीच्या मालकिणीवर होता.

त्या मॅडम दिवाळीनंतर पहिल्यांदा आल्या. साठीला टेकलेल्या, उन्हाने रापलेल्या, पायात रबरी चप्पल. जुनी फाटली, दोन बाय दोन फुटांची स्टीलची नवी चाळणी पाहिजे म्हणाल्या... वाळू चाळायला.

आमच्या पट्ट्यात कुणी वाळू म्हटलं की माणूस आधी बाहेर डंपर कुणाचा उभा आहे ते बघतो. मीही बघितलं. शेअर रिक्षा होती.

"कुठल्या नदीची वाळू, मॅडम?"

"नदीची नाही हो दादा, समुद्राची. कोकणातली."

शेजारचा लेथवाला दत्ता कान देऊन ऐकत होता. त्या गेल्यावर म्हणाला, "राव, बाई समुद्रातनं सोनं गाळत असणार. आपल्याला पण घ्या म्हणावं पार्टनर."

त्यांनी मात्र सांगितलं होतं ते वेगळंच. त्या समुद्री जीवांच्या अभ्यासक. तीस वर्षं एकाच प्राण्यामागे आहेत. करंगळीएवढा, काचेसारखा आरपार, ओल्या वाळूत पुरून तेवढं तोंड वर काढून बसणारा. त्याच्या पाठीत मणके नाहीत, मणक्यांच्या जागी नुसती एक लवचिक दांडी आहे. मासा, बेडूक, गाय, माणूस... सगळ्यांना पाठीचा कणा आला कसा, याचा माग त्या या प्राण्यात काढतात.

मला ते काही पटेना. रोज देवासमोर हात जोडणारा माणूस मी. मुद्दामच विचारलं, "म्हणजे हा आमचा पूर्वज म्हणायचा का?"

"पूर्वज नव्हे, भाऊबंद. फार जुनी वाटणी झालेली."

"मग बांधावरनं भांडण नाही?"

"तो वाळूत, आपण जमिनीवर. भांडायला बांधच नाही, दादा."

हसलो दोघंही. पण माझा संशय काही हलला नाही. कुणी तीस वर्षं एका करंगळीएवढ्या जिवापायी घालवेल? सांगतात त्याच्या मागे काहीतरी दुसरं असणार... असंच वाटत राहिलं. तरी चाळणी करून दिली.

गेल्या बुधवारी त्या परत आल्या. फ्रेमचा एक कोपरा सुटला होता, वेल्डिंग करून हवं होतं. चेहरा उतरलेला.

म्हणाल्या, यंदा नेहमीच्याच किनाऱ्यावर मोठे प्राणी सापडले, पिल्लू एकही नाही. "दरवर्षी असतात हो. पिल्लं नाहीत म्हणजे पैदास थांबली. आहेत ते म्हातारे होऊन संपणार." याच वर्षी त्या रिटायर होतायत. शेवटच्या रिपोर्टमध्ये हेच लिहिलंय आणि तो सोमवारी पाठवायचाय.

त्या गेल्यावर माझ्या मनात काय आलं? की बाईंचं वय झालं, नीट बघितलं नसेल. की किनाऱ्यावर गेल्याच नसतील, घरी बसून लिहिलं असेल. चाळणीत तर काही खोट नव्हती, नवीकोरी होती...

आणि तिथेच अडकलो. किनारा तोच, बाई त्याच. यंदा नवं काय होतं? माझी चाळणी.

म्हणून गुरुवारी तारा मोजत होतो. जाळीचा नंबर म्हणजे एका इंचात भोकं किती. नंबर वाढला की भोक बारीक. इंचपट्टी लावून भिंगातून मोजलं. चौदा. परत मोजलं. चौदाच.

मोजताना संशय जाळी पुरवणाऱ्यावर होता, चौदाची मागवली असताना त्याने दुसरीच दिली असेल. रोलचं लेबल बघितलं, तिथेही चौदा. म्हणजे त्याने मागवली तीच दिली होती. मग तारेला टोचलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांतून मॅडमच्या हातची काढली. सगळा मजकूर मराठीत, पण जाळीचा नंबर इंग्रजीत... 18.

गावच्या शाळेत मराठी अंक गिरवलेला माणूस मी. मराठी अक्षरांच्या ओळीत तो इंग्रजी आठ मला मराठी चार दिसला... ४. अठराचे चौदा झाले, भोकं मोठी झाली.

दत्ताला दाखवलं. तो म्हणाला, "गप बसा राव. माशाला पोरं झाली काय अन् न झाली काय, कोण मोजायला जातंय?"

"ती बाई जाते ना. तीस वर्षं जातेय."

असं त्याला म्हणालो खरा... पण स्वतः दोन दिवस गप्पच बसलो. आमच्या चाळण्या लॅबमध्ये जातात. आकडा वाचता येत नाही असं नाव झालं, तर कोण येईल? दोन्ही दिवस सकाळी देवासमोर बसलो, पण मान वर करवेना. इतके महिने मी त्या बाईंच्या बोलण्यात खोट शोधत होतो. खोट माझ्या टेबलावर तयार झाली होती. आणि ती जर रिपोर्टमध्ये गेली, तर त्यांच्या तीस वर्षांच्या कामाचं शेवटचं वाक्य खोटं ठरणार होतं.

शनिवारी त्या फ्रेमला अठराची जाळी बसवली. या वेळी तारा आधी मोजल्या. काल रविवारी चाळणी काखेत मारून निगडीची बस धरली. मॅडम प्राधिकरणात बहिणीकडे राहतात.

"अहो, एका कोपऱ्यासाठी स्वतः कशाला आलात? बसा, चहा टाकते."

टेबलावर रिपोर्टचे कागद पडले होते. मी बसलो नाही. चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

"मॅडम, हे तुमचं अठरा मी चौदा वाचलं. पिल्लं संपली नसतील... माझ्या जाळीतून गेली असतील."

एवढं बोललो, आणि मग बसलो.