अक्कांचा शनिवार

समोर कुणी अर्ज धरला की आमच्या खासदारबाई तो घेत आणि टेबलावर उलटा ठेवत. "कागद नंतर. आधी तुम्ही बोला." माणूस गडबडून जाई. इतर ठिकाणी कुणी त्याला बोलायला सांगितलेलंच नसे.

सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे नागपूर सोडून मला बंगळुरात तीस वर्षं झाली होती. शाळेत हिंदी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. मुलाच्या अडलेल्या पासपोर्टासाठी अक्कांकडे गेले. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी माझा हिंदी अर्ज सुलटा केला आणि सावकाश वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"सरी, ठीक आहे. दिल्लीची माझी पत्रं आता तुम्ही लिहायची, ताई."

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पुढची पाच वर्षं मी ते काम केलं.

अधिवेशन असलं की सोमवारी पहाटे त्या देवनहळ्ळीच्या विमानतळावरून दिल्लीला जात आणि शुक्रवारी परतत. सभागृहात त्यांची जागा पार मागच्या ओळीत होती. टीव्हीवर दिसल्याच, तर पुढच्या कुणाच्या तरी खांद्यामागून अर्ध्या दिसत. रविवार लग्नं, बारशी आणि दुखवट्याच्या भेटींत जाई. शनिवार मात्र पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कचेरीचा. कचेरी म्हणजे एका वर्कशॉपवरच्या दोन खोल्या. खाली लेथ सुरू झाला की टेबलावरचे चहाचे पेले हळूहळू कडेला सरकत. अक्का बोलता बोलता ते मागे ओढून घेत, ऐकण्यात खंड न पाडता.

अशाच एका शनिवारी गार्मेंट कारखान्यातल्या पाच-सहा बायका आल्या. त्यांचा कारखाना हमरस्त्याच्या पलीकडे होता. रोज दोनदा ट्रकांमधून धावत रस्ता ओलांडायचा. त्यांतल्या एकीची थोरली बहीण आदल्या आठवड्यात तिथंच ट्रकखाली गेली होती. ती काही बोलेना. बाकीच्या बोलल्या: तिथं पायी जाणाऱ्यांसाठी पूल हवा.

मी दिल्लीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं, विचार चालू आहे. मग अक्कांनी ठरवलं, हे सभागृहात बोलायचं. मागच्या ओळीतल्या खासदाराला त्यासाठी नाव द्यावं लागतं आणि चिठ्ठीत ते निघण्याची वाट पाहावी लागते. आठवड्यामागून आठवडे नाव निघेना. शेवटी एका गुरुवारी निघालं. दोन मिनिटं मिळणार होती.

त्या बायका अर्धी रजा टाकून कचेरीत टीव्हीपुढे बसल्या. अक्का उभ्या राहिल्या, "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात..." एवढंच ऐकू आलं. पुढच्या बाकांवर कशावरून तरी गोंधळ उसळला आणि सभागृह दिवसभरासाठी तहकूब झालं. अक्का हातातला कागद धरून क्षणभर तशाच उभ्या दिसल्या. मग चित्र बदललं.

शनिवारी त्या बायका पुन्हा आल्या. तक्रार कुणीच केली नाही, त्यामुळे आम्ही जास्तच अवघडलो. अक्का खुर्चीवरून उठल्या. "तिथं वाचायचं होतं ते इथं वाचते," म्हणाल्या, आणि सभागृहातल्यासारखंच उभं राहून त्यांनी मी हिंदीत लिहिलेलं ते सबंध भाषण कन्नडमध्ये करून वाचलं. खाली लेथ चालू होता, म्हणून आवाज चढवून वाचलं.

संपल्यावर इतके दिवस गप्प असलेली ती बहीण पहिल्यांदा बोलली.

"अक्का, नाव चुकलंय. विजयम्मा नाही. जयम्मा."

चूक माझी होती. मी तोंड उघडायच्या आत अक्का खाली बसल्या, पेन घेतलं, नाव खोडून कन्नडमध्ये नीट लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. "बघ, आता बरोबर आहे? मला माफ कर."

ती मान हलवून रडू लागली. अक्कांनी तिला थांबवलं नाही.

पुढच्या अधिवेशनात त्यांना पुन्हा दोन मिनिटं मिळाली. त्यांनी सुरुवातच जयम्माच्या नावानं केली. घंटा वाजली तेव्हा भाषण अर्धं राहिलं होतं, पण नाव कामकाजाच्या नोंदीत छापलं गेलं. त्या पानाची प्रत मी स्वतः तिच्या बहिणीला नेऊन दिली.

पुढच्या निवडणुकीत अक्कांना तिकीट मिळालं नाही. त्या देवनहळ्ळीजवळच्या आपल्या गावी राहायला गेल्या. पूल नंतर झाला, उद्घाटन दुसऱ्याच कुणी केलं. मी चिडून फोन केला, तर म्हणाल्या, "बायका वरून जातात ना? मग झालं, ताई." गेल्या वर्षी झोपेतच त्या गेल्या.

लोकांकडे असलेल्या त्यांच्या जुन्या पत्रांच्या प्रतींवर खाली माझा नंबर असायचा. अजून कधीतरी फोन येतो, "अक्का इद्दारा?" आहेत का? परवाही एका बाईचा आला. मी "इल्ला", नाहीत, म्हटलं आणि सवयीनं कागद-पेन ओढून काय काम होतं ते विचारलं.

"काम नाही हो," ती म्हणाली. "मुलगी नर्स झाली. अक्कांना सांगायचं होतं."

माझ्या हातात पेन तसंच राहिलं. लिहून घेण्यासारखं काही नव्हतं, आणि फोन ठेववेना. मी तिला मुलीचं नाव विचारलं.