तू म्हटलं म्हणून

आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली मी. कोलशेतच्या खाडीकाठच्या कोळ्याच्या पोरीला सायन्सला अॅडमिशन मिळालेली, एफवायला, मग गावात चर्चा केवढी! बाबा खाडीत जायचा, आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. आईने पहिल्याच दिवशी ठणकावलं, "नापास झालीस तं दुसऱ्या दिशी मासळीची पाटी उचलाची." पाटीची मला लाज नव्हती, आजही नाही. पण मला झूलॉजी शिकायचं होतं, आणि मी एकदा मनावर घेतलं की सोडत नाही.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. झूलॉजीच्या बाई डोंबिवलीहून यायच्या. कडक इस्त्रीची साडी आणि त्याहून कडक मराठी. त्या दिवशी स्लाइडच्या पेट्यांची चळत घेऊन जिना चढत होत्या, चांगलीच धाप लागलेली. मी धावत गेले आणि म्हटलं, "बाई, तू दमलीस ना, दे इकडे."

जिन्यावर अख्खा वर्ग होता. असा हशा पिकला की विचारू नका. बाईंनी पेट्या काही दिल्या नाहीत. "हे कॉलेज आहे. आधी बोलायला शिका," एवढंच म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

आता आमच्या बोलीचं सांगते. आमच्यात सगळ्यांना तू. बापाला तू, आज्याला तू, गावच्या म्हाताऱ्या पाटलालाही तू. अहो-जाहो फक्त परक्याशी, म्हणजे हवालदार किंवा बँकेतला साहेब. बाईंचा अपमान करायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं हो. त्या दमलेल्या मला बघवल्या नाहीत, म्हणून बोलले. पण हे हसणाऱ्या चाळीस जणांना कोण सांगणार?

मग मी गप्प झाले. मी, जिच्या तोंडाला शेजारच्या आळीतल्या बायकाही भ्यायच्या! बोलावंच लागलं तर अशी वाक्यं शोधायची की ज्यात समोरचा माणूसच येणार नाही. "जर्नलवर सही मिळेल का?" "खडू हवाय का?" "ही स्लाइड आज बघायची आहे का?" खोपटला बसमधून उतरलं की कॉलेजपर्यंतच्या वाटेवर मी दिवसभराची वाक्यं जुळवत चालायचे. लेक्चर इंग्रजीत असायचं, ते उलट बरं वाटायचं. त्या भाषेलाही आमच्यासारखा सगळ्यांना एकच शब्द पुरतो. पण माझं इंग्रजी दोन वाक्यांत संपायचं.

दिवाळीनंतर ठरवलं, घरीच सवय करू. बाबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेला. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

त्याचा हात थांबला. माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मना परका केलास का गो?"

मला रडू कोसळलं. आणि रडून झाल्यावर जो राग आला! कॉलेजचा आला, त्या हसणाऱ्यांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा मलाच आला. त्यानंतर घरात मी पुन्हा कधी अहो म्हटलं नाही. कॉलेजात मात्र तोंडाला कुलूप तसंच होतं.

शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. तिथे तोंडी घ्यायला बाहेरच्या कॉलेजातले एक वयस्कर सर आलेले, शेजारी आमच्या बाई. लेखी पेपर बेताचे गेलेले. तोंडीत नापास झाले की वर्ष गेलं, हे मला स्वच्छ माहीत होतं. सरांनी माझ्यापुढे एक बरणी सरकवली. आत निवटी! आमच्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, औषधाच्या पाण्यात पांढराफटक पडलेला. नाव सांगितलं, लॅटिनही सांगितलं. सरांनी इंग्रजीत विचारलं, हा पाण्याबाहेर जगतो कसा? मी अडखळले. दोन वाक्यं झाली आणि संपली. सर चांगल्या मनाचे. म्हणाले, "मराठीत सांगा."

झालं! तीच तर भीती होती. पण बरणीतल्या त्या निवटीकडे बघितलं आणि मी सुटलेच. कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो, पुढच्या परांवर सरकतो. हे पुस्तकातलं. मग पुस्तकात नव्हतं तेही सांगितलं. त्याच्या बिळाला दोन तोंडं असतात, पकडायचा तर एकावर पाय दाबायचा आणि दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. "अरे सर, पुस्तकात काय बघतोस! तू ओहोटीला ये, मी तुला दाखवते!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. गेलं, वर्ष गेलं, असं वाटलं. माफी मागायला तोंड उघडलं आणि ओट्यावर बसलेला बाबा आठवला. नाही मागितली.

"सर," मी म्हटलं, "आमच्या बोलीत बापालाही तू म्हणतात. परक्यालाच अहो म्हणतो. मला येतं अहो म्हणायला, वर्षभर मनातल्या मनात तेच घोकलंय. पण माशाबद्दल बोलताना मला ते सुचत नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उद्या ओहोटी किती वाजता?" त्यांनी विचारलं. अगदी गंभीरपणे.

"सकाळी नऊला पाणी उतरेल," मी म्हटलं. आणि मग जन्मात पहिल्यांदा मुद्दाम, ठासून म्हटलं, "आणि चपला घालून येऊ नकोस. चिखलात रुततात."

बाहेर आले ती मान ताठ ठेवूनच. अर्ध्या तासाने बाई दारात आल्या. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "तोंडीत पास आहात. चांगल्या मार्कांनी. पण परीक्षकांना चपलांचं सांगायची काय गरज होती?"

"होती बाई," मी म्हटलं. "तू आलीस तरी अनवाणीच ये."