बारा टक्के ओल

हमीभाव म्हणजे शेतकऱ्याला बाजारातल्या पडझडीपासून वाचवणारी किंमत. बीडच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या पेपरात मी हे लिहिलं आणि मार्कही बरे पडले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे व्याख्या चुकीची आहे असं म्हणायचं धाडस मला होत नाही. फक्त त्यात ओलीचा उल्लेख नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत वडवणीजवळच्या आमच्या गावी गेले, तर घरातला एकुलता एक पंखा सोयाबीनसाठी चालू होता. परदेशातून स्वस्त खाद्यतेल येत होतं आणि बाजारात सोयाबीनचा भाव पडला होता. म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यंदा माल व्यापाऱ्याला द्यायचाच नाही असं ठरवलं होतं. सरकारने जाहीर केलेला भाव एकदा तरी आपल्या हातात पडावा, एवढंच त्यांचं म्हणणं. सरकारी खरेदी केंद्राची अट साधी होती: दाण्यात बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको. परतीच्या पावसाला ही अट कुणी कळवलेली दिसत नव्हती.

"माझ्या बाळंतपणात पंखा न्हवता," आई म्हणाली. "सोयाबीनचं नशीब लई भारी हाय."

दादा रोज एक दाणा दाताखाली फोडून बघायचे. तो कट्कन वाजला, त्या दिवशी टेम्पो भरून आम्ही माजलगावला गेलो. केंद्रावरच्या पोराने यंत्रात दाणे घातले. ओल बाराच्या आत! मी पास झाले तेव्हाही दादांनी असं चारचौघांकडे पाहिलं नव्हतं.

"माल पास हाय काका. पण बारदाना न्हाई."

"पोती हायेत की आमची."

"ती चालत न्हाईत. सरकारी पोती पायजेत. वरून येणार हायेत."

दादांनी मान वर केली. आभाळ भरून आलं होतं. "वरून काय येणार ते दिसायलंय मला."

भिजलं तर पुन्हा पंखा आणि पुन्हा टेम्पो. म्हणून रस्त्यापलीकडच्या व्यापाऱ्याकडे जावं लागलं. त्याच्याकडे यंत्र नव्हतं. त्याने कोपरापर्यंत पोत्यात हात घातला आणि हळहळला, "कावून एवढं वाळवलं मामा? वजन गेलं ना." भाव अर्थातच त्याचा. माल उतरल्यावर तो हळूच म्हणाला, "सातबारा ठिवून जा. पोती आली की तुमच्या नावानं केंद्रावर घालतो."

मला राहवलं नाही. "मग हमीभाव कुणाला मिळणार?"

"तुमालाच की ताई! कागदावर नाव तुमचंच राहील."

एवढी सोपी व्याख्या आमच्या पुस्तकात नाही. दादांनी सातबाऱ्याची घडी करून खिशात घातली. "माल घेतला तेवढं बस झालं. नाव न्हाई देत."

व्यापारी रागावला नाही. आमच्यामागे दुसरा टेम्पो येऊन थांबला होता, तो त्याच्याकडे वळला.