मधोमध पडलेला ठिपका

अमेरिकेचा नागरिक झाल्यानंतरच्या माझ्या पहिल्याच प्राथमिक निवडणुकीत मला दोन माणसांनी गृहीत धरलं. एक माझी मुलगी, दुसरा माझा मित्र. दोघांचाही दोष नव्हता. मी घरात जे बोलतो ते मुलीनं ऐकलं होतं, आणि बाहेर जे बोलतो ते मित्रानं.

इथे पक्षांना लोक रंगांनी ओळखतात, म्हणून मीही लाल आणि निळा एवढंच लिहितो. लाल म्हणजे उजवा, निळा म्हणजे डावा. निदान तसं सांगतात. प्राथमिक फेरी म्हणजे मुख्य निवडणुकीआधी प्रत्येक पक्ष आपला उमेदवार निवडतो ती. आमच्या राज्यात कुठल्याही पक्षात नाव न नोंदवलेल्या माणसाला प्राथमिक फेरीत मत देता येतं, पण मतपत्रिका एकाच पक्षाची मिळते. टेबलामागच्या बाई विचारतात, कुठली? आपण सांगायचं.

मित्र मूळचा नागपूरचा. एम.एस. करताना आम्ही एका खोलीत राहिलो, एका कुकरमध्ये भात लावला, आणि पुढे श्रूजबरीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं घेतली. तो त्या वर्षी राज्याच्या विधानसभेसाठी लाल पक्षाची उमेदवारी मिळवायला उभा राहिला. समोर त्याच पक्षाचा, गावातच जन्मलेला एक कंत्राटदार होता. लाल पक्षाच्या प्राथमिक फेरीला आमच्याकडे फार थोडी माणसं येतात, त्यामुळे त्याला एकेक मत हवं होतं.

"तुझं तर धरलंच आहे बे," तो म्हणाला. "शिवाय शनिवारी माझ्या गराजमध्ये मीटिंग आहे. दोन मिनिटं बोल. आकडेवाला माणूस बोलला की लोकांना पटतं."

मी हो म्हणालो. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत दोन मिनिटांना कोण नाही म्हणतं?

त्याच आठवड्यात मुलगी कॉलेजमधून घरी आली होती. ती निळ्या पक्षाच्या एका उमेदवार बाईंसाठी दारोदार फिरत होती. तिथेही चुरस होती. जेवताना ती म्हणाली, "बाबा, यू आर टेकिंग द ब्लू वन, राइट? ऑब्व्हियसली."

"ऑब्व्हियसली का?"

"कारण तू गन्सबद्दल काय बोलतोस ते मी लहानपणापासून ऐकतेय."

ते खरं होतं. ती दुसरीत असताना एकदा घरी येऊन म्हणाली होती, की आज आम्ही सगळे कपाटामागे गप्प बसायचा खेळ खेळलो आणि मी जिंकले. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचं कसं, याचा तो सराव होता. त्या दिवसापासून बंदुकांच्या बाबतीत माझं मत ठरलेलं आहे आणि ते हलत नाही. गर्भपाताबद्दलही तसंच. मुलीच्या आधी आमचं एक मूल पोटातच, पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हा काय करायचं ते बायकोनं आणि डॉक्टरनं ठरवलं. तिसऱ्या कुणी त्या खोलीत यावं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. आणि मी विमा कंपनीत हप्ते ठरवण्याचं काम करतो, त्यामुळे सगळ्यांना एकाच सरकारी आरोग्य विम्यात घ्यावं असं मला वाटतं. ऑफिसात हे मी बोलत नाही.

पण मित्रही खोटं धरून चालला नव्हता. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचं अर्धं तारुण्य गेलं, तेव्हा रांग मोडून बेकायदा येणाऱ्यांना माफी द्या म्हटलं की मला राग येतो. कॉलेजचं कर्ज मी फेडलं, दुसऱ्यांचं सरकारनं माफ करावं हे मला पटत नाही. प्रवेश गुणांवर व्हावेत. अणुवीज हवी. सरकारनं मिळकतीपेक्षा जास्त खर्च करू नये. हे सगळं मी त्याच्याबरोबर गाडीत, त्याच्या घरामागच्या डेकवर, किराण्याच्या रांगेत, मोठ्यानं बोललेलो होतो.

"मग तू आहेस तरी कोण?" मुलीनं विचारलं आणि लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. त्यावर राजकीय कल सांगणारी एक चाचणी होती. प्रश्नांना उत्तरं द्यायची, शेवटी चौकटीत आपला ठिपका कुठे पडतो ते दिसतं.

पहिल्याच प्रश्नावर मी अडकलो. सरकार फार मोठं झालंय का? मी म्हटलं, कशाच्या तुलनेत?

"बाबा, जस्ट क्लिक."

"कर वाढवावेत का, असं विचारतायत. कुणाचे? किती? ते सांगितल्याशिवाय मी काय सांगू?"

"अरे, हा काही तुझा ऑफिसचा रिपोर्ट नाही," बायको आतून म्हणाली. "दे उत्तर आणि ताट उचल."

मी उत्तरं दिली. ठिपका अगदी मधोमध पडला. खाली लिहून आलं, की तुम्ही मवाळ आहात, समतोल आहात, तुम्हाला टोकाची मतं आवडत नाहीत.

मला ते अजिबात पटलं नाही. माझं एकही मत मवाळ नव्हतं. काही पार डावीकडची, काही पार उजवीकडची. यंत्रानं त्यांची बेरीज केली आणि शून्य काढलं. ऑफिसात कुणी असा हिशोब आणला असता तर मी परत पाठवला असता. सासूला मिरची सोसत नाही आणि जावयाला तिखटाशिवाय चालत नाही, म्हणून दोघांना मध्यम तिखट आमटी आवडते असं कुणी म्हणतं का? पण मग माझा ठिपका कुठे हवा होता, तेही मला सांगता येईना. चौकटीवर दोन ठिपके द्यायची सोय नव्हती.

शनिवारी मित्राच्या गराजमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मराठी मंडळातले वीसेक लोक, दोन अमेरिकन शेजारी, चहाचा मोठा थर्मास, बाकरवडी. त्याचं छोटंसं भाषण इंग्रजीत पाठ होतं, तरी तो हातातल्या कागदाकडे बघतच बोलला. मग माझी पाळी.

आदल्या रात्री मी त्याचं पत्रक नीट वाचलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की हा माझ्या माहितीतला सगळ्यात प्रामाणिक माणूस आहे. टाळ्या झाल्या. तिथेच बसायला हवं होतं. पण ते अर्धंच खरं सांगितल्यासारखं वाटलं, म्हणून मी पुढे म्हणालो, की त्याच्या पत्रकात नऊ मुद्दे आहेत, त्यातले चार मला पटतात, पाच पटत नाहीत, आणि बंदुकांचा तर मुळीच नाही.

कुणीतरी हसलं. एका शेजाऱ्यानं दुसऱ्याला हळूच काहीतरी विचारलं. मित्रानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो थर्मासकडे गेला आणि आधीच भरलेल्या कपांत चहा ओतत राहिला.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लग्नात कुणी आहेराबरोबर मुलीचे दोष वाचून दाखवतं का रे?"

"त्यानं मला आकड्यांचं बोल म्हणून सांगितलं होतं."

"त्यानं तुला त्याचं बोल म्हणून सांगितलं होतं."

मतदानाच्या दिवसापर्यंत त्याचा फोन आला नाही. मी करावा की नाही हे मला ठरवता आलं नाही. माफी मागायची तर कशाची? बोललेलं खरं होतं. आणि खरं होतं म्हणून ते बोलायलाच हवं होतं का, हेही कळेना.

मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. प्रचार करणाऱ्यांना दारापासून ठरावीक अंतरावर थांबावं लागतं, त्या रेषेबाहेर मुलगी तिच्या बाईंचा फलक घेऊन उभी होती, आणि तिच्या शेजारीच मित्र स्वतःचा. तिनं त्याला आपल्या डब्यातला पराठा दिला होता. ती त्याला जन्मापासून काका म्हणते. मी दिसलो तसा तो खाता खाता थांबला.

"कुठली घेतलीस ते बाहेर येऊन मला सांगू नकोस," तो म्हणाला. "तुझ्याच्यानं राहवणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो."

आत टेबलामागच्या बाईंनी माझा पत्ता विचारला, नावावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि म्हणाल्या, "कुठली?"

मी तयारी करून आलो होतो. निळी घ्यायची, असं मुद्द्यांचा भार लावून ठरवलं होतं. बंदुका एकट्याच जड पडत होत्या. आणि मी म्हणालो, "लाल."

आडोशाला उभं राहून मित्राच्या नावापुढचा गोल भरला. बाकीच्या पदांचं सगळं कोरं सोडलं. त्याच्या पत्रकातल्या ज्या मुद्द्यांना माझा विरोध होता, त्यांनाही मी मत दिलं होतं, हे कागद यंत्रात सरकवताना लक्षात आलं. बाहेर येऊन दोघांकडे न बघता गाडीत बसलो.

रात्री निकाल लागला. मुलीच्या बाई जिंकल्या. मित्र हरला, आणि तेही थोडक्यात नाही. मुलगी म्हणाली, "काकाला फोन कर ना," आणि तेवढ्यात त्याचाच आला.

"आता सांग," तो म्हणाला.

"तुलाच दिलं."

पलीकडे त्यानं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"मग त्या दिवशी लोकांसमोर काय झालं होतं तुला?"

"खरं बोललो होतो."

"आणि आज?"

"आजही खरंच दिलं. मला विचारू नकोस कसं ते. मलाच हा हिशोब लागत नाही."

"नसतं दिलं तर बरं झालं असतं यार," तो म्हणाला. "निदान तुझ्यावर नीट रागावता तरी आलं असतं."

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, पिठलं टाकलंय. वहिनींना घेऊन या. गरम आहे तोवर."

ते दोघे आले. त्यानं दारात बूट काढले, माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, हात धुतले, खुर्ची ओढली. आम्ही भाकरी मोडली. कांदा कुणी फोडायचा यावर वहिनी आणि मुलगी काहीतरी बोलत होत्या. मला वाटलं आता तो गप्पच जेवेल आणि जाईल.

"ते बंदुकांचं," तो एकदम म्हणाला. "तिथे तू साफ चुकतोस."

"काका, नो!" मुलगी ओरडली.

"तू गप बस गं, जिंकलेली. मी याच्याशी बोलतोय." आणि तो खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड करून बसला.