मूकपटाचा आवाज आणि माझा रिकामा माइक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि खरं सांगायचं तर माणसांवरही फारसा नाही. मस्कतमध्ये साउंड ऑपरेटर म्हणून बारा वर्षं काढली. आवाजात काही गडबड झाली की मी आधी वायर तपासतो, मग शेजारच्या माणसाकडे बघतो.

२०१४ सालची गोष्ट. मदिनत सुलतान काबूसमधला एक हॉल, शुक्रवारी दुपारी चारचा शो. जुना जपानी मूकपट, आणि पडद्याशेजारी उभं राहून सगळ्या पात्रांचे संवाद एकटाच बोलणारा एक म्हातारा जपानी कलाकार. त्यांच्याकडे पूर्वीपासून ही पद्धतच आहे म्हणे. आदल्याच आठवड्यात माझा माइक भर भाषणात बंद पडला होता. अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, दम दिला होता, "और एक बार, खलास! सीधा चिपळूण!"

सिनेमा सुरू झाला. म्हातारा बाईच्या आवाजात रडला, पोराच्या आवाजात हसला. भाषा कुणालाच कळत नव्हती, तरी हॉल चिडीचूप. मी घाम पुसायला रुमाल काढला — आणि त्याच्याबरोबर दोन कोरे पेन्सिल सेल हातात आले.

म्हाताऱ्याच्या वायरलेस माइकच्या, कमरेला लावलेल्या ट्रान्समीटरमध्ये मी सेल घातलेच नव्हते!

मिक्सरवर त्या माइकचा दिवा बंद. मी आवाज पार खाली ओढला. काही फरक नाही.

पहिला संशय सलीमभाईंवर. लाइट सांभाळायचे, रत्नागिरीचे, मस्करीत एक नंबर. वाकून विचारलं, "दुसरा माइक लावलात काय?"

"येडा झालास काय? तुझ्या सामानाला मी कशाला हात लावू? त्या मागच्या स्पीकरमधून येतोय बघ आवाज."

जाऊन हात लावला. जाळी थरथरत होती...

म्हणजे म्हाताऱ्याने टेप लावली असणार! मी टपून बसलो. तेवढ्यात प्रोजेक्टर अडकला, चित्र थांबलं. आवाजही अर्ध्या शब्दावर थांबला. चित्र हललं, तसा तो तिथूनच पुढे बोलू लागला. टेपला हे जमत नाही.

शो संपल्यावर ट्रान्समीटर उघडला. रिकामा. म्हातारा माझ्यापुढे कमरेतून वाकला. "गुड साउंड," म्हणाला. त्याला ठाऊक होतं का? चेहऱ्यावरून काही कळेना.

अर्बाब खूश. "शाबाश! आज आवाज एकदम क्लिअर!" त्याने तिथेच माझा व्हिसा पुढे वाढवायचं कबूल केलं. मी सेल खिशातच राहू दिले आणि मान खाली घालून 'शुक्रन' म्हणत आभार मानले.

त्या आवाजाचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. सलीमभाईंवर संशय घेतला, त्या म्हाताऱ्यावर घेतला... पण त्या दुपारी अख्ख्या हॉलमध्ये लबाडी केली ती फक्त मी.